शेजाराची निवड

गाव सोडून महानगरात बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. नोकरी बहुधा आधी ठरलेली असते, निदान कुणीतरी शब्द तरी टाकलेला असतो. परंतु रात्री पाठ टेकायची कुठे, मुलांना शाळेत घालायचे कुठे, दुखलेखुपले तर हाक मारायची कुणाला, याचे उत्तर शहर आपण होऊन देत नाही. ते ज्याचे त्याला शोधावे लागते. इतिहासाचे ग्रंथ राजे, तह आणि लढाया यांची नोंद ठेवतात; सामान्य कुटुंबाने कोणती वस्ती निवडली आणि का निवडली, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. तरीही ती पुसली गेलेली नाही. शहरातील वाड्या, पाखाड्या, कॉलन्या आणि रस्त्यांवरचे क्रूस यांवर ती जागोजागी उमटलेली आहे.

आज आमच्या धर्मग्रामातील तरुण दांपत्ये घर शोधत मीरा रोड, कल्याण, नवी मुंबई, पुणे अशी फिरतात. शाळाप्रवेशासाठी मुलाच्या स्नानसंस्काराचा दाखला न्यायला आली की जाता जाता विचारतात, ‘फादर, कुठली वस्ती चांगली?’ प्रश्न साधा वाटतो. पण तो किमान दीडशे वर्षे जुना आहे आणि आपल्या वाडवडिलांनी त्याची वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली आहेत. मुंबईच्या संदर्भात ती उत्तरे तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. काही उत्तरांचा अभिमान वाटावा, काहींनी अंतर्मुख व्हावे, असा हा इतिहास आहे.

त्याचे एक जुने पान गोवेकरांच्या कुडींचे आहे. कोकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून तरुण मंडळी रोजगारासाठी ब्रिटिश मुंबईत येऊ लागली. कुणी आगबोटीवर खलाशी झाले, कुणी आचारी, कुणी बेकरीत लागले, कुणी वाजंत्री झाले. एकट्या पुरुषाला भाड्याने खोली मिळणे कठीण आणि मिळाली तरी पगारात न परवडणारी. मग एकेका गावच्या लोकांनी मिळून मोठी जागा भाड्याने घेतली आणि तिला आपल्या गावाचे नाव दिले. धोबीतलाव, माझगाव, गोदीचा परिसर येथे अशा कुडी वाढल्या. एके काळी त्यांची संख्या काही शेकड्यांच्या घरात होती. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत निरनिराळ्या गावांच्या अनेक कुडी नांदत होत्या.

कुडीची व्यवस्था मोठी विचारपूर्वक लावलेली असे. प्रत्येक सभासदाची भिंतीशी एक पेटी आणि ती ठेवण्यापुरती जागा, हाच त्याचा संसार. रात्री चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. भाडे नाममात्र. खोलीच्या एका बाजूला वेदी आणि तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा. संध्याकाळी ठरल्या वेळी जपमाळेची प्रार्थना होई आणि हजर असलेल्या प्रत्येकाने तिला बसावे असा दंडक असे. गावच्या चर्चचा सण मुंबईत कुडीवर साजरा होई. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत येथेच राही. आजारी पडला तर गाववाले त्याची शुश्रूषा करीत. नव्याने आलेल्या पोराला नोकरी कुठे आहे हे कुडीवरच कळे. घर, बँक, खबर देणारी कचेरी आणि देऊळ अशी चारही कामे एक खोली करीत होती.

या वस्तीने केवळ निवारा दिला असे नाही. कोकणी रंगभूमीवरचा पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. गावापासून तुटलेली माणसे एका ठिकाणी दाट राहिली, म्हणून त्यांच्या भाषेला प्रेक्षक मिळाला. वस्तीची निवड संस्कृतीलाही जन्म देते ती अशी.

तथापि कुडीच्या उंबरठ्याकडेही पाहिले पाहिजे. ती गावाच्या लोकांसाठी होती, म्हणजेच ती इतरांसाठी नव्हती. ती पुरुषांसाठी होती. मुंबईत आया म्हणून वा स्वयंपाकीण म्हणून राबणाऱ्या गोवेकर स्त्रियांना हा आसरा सहसा मिळाला नाही. काही कुडी सबंध गावाच्या असत, तर काही त्या गावातील एखाद्या ज्ञातीपुरत्याच. समुद्र ओलांडणारी माणसे ज्ञातीचा उंबरठा मात्र पेटीत घालून बरोबर घेऊन आली होती.

हे गोवेकरांपुरतेच होते असे समजू नये. त्याच सुमारास रत्नागिरी आणि साताऱ्याकडून गिरणीत कामाला आलेला मराठी मजूर परळ-लालबागच्या चाळींत हेच करीत होता. गावकरी मंडळाची खोली, गाववाल्यांचा गाळा, आणि जेवायला एखाद्या बाईची खानावळ. जॉबर ओळखीचा आणि खोलीतला सोबती गावचा, एवढ्या दोन आधारांवर गिरणगाव उभे राहिले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण महानगरात पाऊल ठेवणाऱ्या गरीब माणसाचे शहाणपण एकच होते. घर पाहण्याआधी त्याने माणूस पाहिला.

आता बाजू बदलून पाहू. काही ख्रिस्ती लोक शहरात आले नाहीत. शहरच त्यांच्या दारात आले. मुंबई, साष्टी आणि वसई या टापूतील मराठी बोलणारे कॅथॉलिक येथलेच. त्यांची शेते, वाड्या, बावी आणि गावठाणे शहराच्या आधीपासूनची. गिरगाव, माझगाव, माहीम, वांद्रे ही त्यांची गावे हळूहळू महानगराचे मोहल्ले बनत गेली. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले शिकलेले धर्मबंधू ब्रिटिशांच्या कचेऱ्यांत भरती होऊ लागले, तेव्हा आपण ‘येथले’ हे सांगण्यासाठी स्थानिक समाजाला नाव घ्यावे लागले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. एकाच चर्चमध्ये एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे लोक बाहेर आल्यावर ‘आमचे’ आणि ‘बाहेरचे’ असे विभागले जात होते. नोकरीची स्पर्धा हे त्याचे मोठे कारण होते हे खरे. पण स्पर्धेला वस्तीच्या सीमारेषा मिळाल्या की ती पिढ्यानपिढ्या टिकते, हेही तितकेच खरे.

१८९६ च्या सप्टेंबरात या सर्व हिशेबांना एक नवा आकडा जोडला गेला. मांडवी भागात दवाखाना चालवणारे गोवेकर डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी आपल्या रोग्यांची लक्षणे पाहून ही गाठीची प्लेगची साथ आहे असे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. जनगणनेचे आकडे बोलके आहेत. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या बंदराची लोकसंख्या दहा वर्षांत घटते, याचा अर्थ घराघरांतून काय घडले असेल याची कल्पना करावी. वांद्रे, गिरगाव, माझगाव या भागांत रस्त्याच्या कडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक त्या वर्षांत साथीपासून रक्षण व्हावे म्हणून वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून उभारलेले आहेत. आजही मे महिन्यात तेथे जपमाळ म्हटली जाते.

प्लेगनंतर वस्ती निवडण्याची कसोटी बदलली. दाट शेजार हा आजवर आधार वाटत होता, तोच आता धोका वाटू लागला. हवा, उजेड, मोकळी जागा, निचरा हे शब्द कुटुंबांच्या बोलण्यात आले. सरकारने १८९८ साली मुंबई शहर सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि पुढे दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती घातल्या. ज्यांच्या चाळी पडल्या त्या सर्वांना नव्या वसाहतींत जागा मिळाली नाही. रुंद रस्त्याच्या काठावर राहायला वेगळे लोक आले. पाडलेल्या चाळीतला मजूर बहुधा शेजारच्या दुसऱ्या दाट चाळीत शिरला. सुधारणेची किंमत नेहमी तोच चुकवतो, ज्याला निवड करण्याची मुभा सर्वांत कमी असते.

ज्यांना मुभा होती त्यांनी वांद्र्याकडे पाहिले. वांद्रे तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, साष्टी बेटावर होते. १८४५ मध्ये माहीमचा बांध झाल्यापासून मधली खाडी ओलांडणे सोपे झाले होते. १८६३ साली जेझुइट धर्मगुरूंनी तेथे सेंट स्टॅनिस्लॉस शाळा सुरू केली आणि १८६७ साली विरार ते बॅकबे अशी गाडी धावू लागली. चर्च सोळाव्या शतकापासून होतेच. म्हणजे चर्च, शाळा आणि स्टेशन या तिन्ही गोष्टी प्लेगपूर्वीच जमून आल्या होत्या. प्लेगने लोकांना त्यांच्याकडे ढकलले. कॅथॉलिक कुटुंबाच्या मनात चांगल्या वस्तीचे जे चित्र आजही असते, ते याच काळात घडले. मिस्सेला चालत जाता यावे, मुलांची शाळा जवळ असावी, आणि घरधन्याला गाडी पकडता यावी. शंभर वर्षे उलटली तरी धर्मग्रामाच्या कचेरीत विचारले जाणारे प्रश्न हेच तीन आहेत.

मोकळी जमीन दिसली तरी नोकरदार माणसाच्या खिशात ती घेण्याइतके पैसे नव्हते. त्यावर उपाय सापडला तो सहकाराचा. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत समाजाने सहकारी गृहसंस्था स्थापन केली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे प्रेरक. ही कल्पना लवकरच इतर समाजांनी उचलली. वांद्र्याची साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहसंस्था १९१८ ची. सांताक्रूझची विलिंग्डन कॅथॉलिक वसाहत त्याच काळातली. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचे नाव तिला मिळाले. दादर येथे पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी, माटुंग्यात दक्षिण भारतीयांची वस्ती, असा शहराचा नकाशा समाजासमाजांत रंगवला जाऊ लागला.

सहकारी संस्थेची रीत समजून घेण्यासारखी आहे. एकटा कारकून सावकाराकडे गेला तर त्याला तारण मागितले जाई. शंभर कारकून एकत्र आले की संस्था जमीन घेई, आखणी करी, कर्ज उभारी आणि सभासद हप्त्याने फेडत. हप्ता चुकवायचा नाही ही लाज होती, कारण हिशेब ठेवणारा रविवारी मिस्सेला शेजारच्याच बाकावर बसलेला असे. एकमेकांवरचा हा विश्वास आला कुठून? तो एका समाजाचे, एका चर्चचे असण्यातून आला. कूड आणि कॉलनी यांत वरकरणी केवढे अंतर! एकीकडे पेटी आणि चटई, दुसरीकडे व्हरांडा आणि अंगणातली फुलझाडे. परंतु पाया एकच होता. ओळखीच्या माणसांचा जामीन. आपल्या मागील पिढ्यांनी पोट मारून हप्ते फेडले आणि भाडेकरूंच्या समाजाला घरमालकांचा समाज बनवले, याबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे.

मात्र ज्याच्याजवळ असा जामीन नव्हता त्याचे काय झाले, हा प्रश्न इतिहास लिहिताना टाळता येत नाही. या घडामोडींच्या ऐन मध्यावर, १९१७ साली, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेतलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी त्या शहरात उतरला. त्याला वस्ती निवडायची होती. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हिंदू हॉटेलात जात सांगितल्यावर जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगण्यात आले. त्यांनी शहरातील दोन मित्रांना विचारले. एक हिंदू होता. आंबेडकर घरी आले तर आपले नोकर निघून जातील असे त्याने सांगितले. दुसरा मित्र भारतीय ख्रिस्ती होता. पत्नी दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारावे लागेल, असे तो म्हणाला. नवराबायको मूळच्या ब्राह्मण कुटुंबांतले. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला, पण बायको जुन्या विचारांचीच राहिली होती, आणि ती अस्पृश्याला घरात घेणार नाही हे आंबेडकरांनी ओळखले. कामाठी बागेत सुमारे पाच तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे सर्व लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आपल्या लेखनात क्वचितच येतो. तो यायला हवा. त्या दिवशी बडोद्यात तीन दारे बंद झाली आणि त्यांतले एक ख्रिस्ती घराचे होते. तेथे कुणी काठी उगारली नाही, कुणी अपशब्द काढला नाही. फक्त ‘घरी विचारून सांगतो’ एवढेच म्हटले गेले. आज शहरात भाड्याने घर शोधणाऱ्या कित्येकांना हेच सौजन्यपूर्ण वाक्य ऐकावे लागते. आडनाव सांगताच ‘जागा आत्ताच गेली’ असे उत्तर मिळते. हे उत्तर आपल्या लोकांनाही मिळते आणि ते आपल्या लोकांकडूनही दिले जाते. स्नानसंस्काराने सर्वांना एका कुटुंबात घेतले जाते, असे आम्ही वेदीवरून सांगतो. परंतु घराच्या चाव्या वेदीजवळ ठेवलेल्या नसतात.

त्या काळी गरिबासाठी सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली, सामाईक संडास, लांब सज्जा. तेथेही लोक गाव आणि जात पाहूनच एकत्र राहिले, पण निदान ज्याला जामीन नाही त्यालाही तेथे खोली मिळू शकली.

स्वातंत्र्याच्या वर्षी एका कायद्याने वस्तीच्या निवडीचा खेळच थांबवला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूला संरक्षण मिळावे हा हेतू योग्यच होता. पण वर्षे लोटली, रुपया घसरला आणि भाडे मात्र जागचे हलले नाही. गिरगाव वा माझगावातील जुनी जागा सोडणे म्हणजे जवळजवळ फुकटचे घर सोडणे झाले. नव्याने जागा हवी तर पागडी मोजावी लागे. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. एका खोलीत तीन पिढ्या राहू लागल्या. थोरल्याचे लग्न झाले की धाकट्याचे अंथरूण गॅलरीत जाई. अखेर लग्न झालेल्या मुलांनी उत्तरेकडची गाडी पकडली.

ती गाडी आता विजेवर धावत होती. १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत विद्युतीकरण झाले होते. मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी, पुढे मीरा रोड, भाईंदर, वसई असा आपल्या समाजाचा प्रवास रेल्वेच्या रुळांवरून झाला. पूर्व बाजूला १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसू लागली. तेथे सोडतीत ज्याला जे घर मिळाले ते त्याने घेतले. वरच्या मजल्यावर मलयाळी, समोर मराठा, खाली पंजाबी. सेक्टरच्या आकड्यात गावही नाही आणि जातही नाही. शेजार निवडून घेण्याची सवय असलेल्या लोकांना शेजार वाटून दिला गेला. सुरुवातीला लोक बिचकले. पण त्या इमारतींत वाढलेल्या मुलांना आज ते मुळीच विशेष वाटत नाही. या गोष्टीची नोंद घेतली पाहिजे.

आणि शेवटी वसई. येथे इतिहासाचे चाक पुरते फिरलेले दिसते. ज्यांच्या दारात पूर्वी मुंबई आली होती त्याच समाजाच्या दारात ती पुन्हा आली. केळीच्या आणि पानवेलीच्या बागा, बावखले, विहिरीवरचे रहाट यांच्या शेजारी इमारती उभ्या राहू लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. २०२४ साली ते निवर्तले; त्यापूर्वी २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ साली वसई-विरार महापालिका आली. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती.

या आंदोलनाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. जमीन, पाणी आणि झाडे यांची लूट थांबावी, ही त्याची मागणी होती. पावसाचे पाणी जिरवणारी शेते बुजवली की पुराचे पाणी नव्या इमारतीतल्या नव्या रहिवाशाच्याच घरात आधी शिरते. म्हणजे ही मागणी त्याच्याही हिताचीच होती. परंतु रोजच्या बोलण्यात ‘बिल्डरने बाग मारली’ आणि ‘बाहेरच्यांनी गाव बिघडवले’ ही दोन वाक्ये केव्हा एकमेकांत मिसळतात ते कळत नाही. पहिल्या वाक्यात अन्यायाची तक्रार आहे. दुसऱ्यात त्या तरुण कुटुंबावर राग आहे, जे मुंबईत जागा परवडली नाही म्हणून, नेमक्या आपल्याच मुलांसारखे, उत्तरेकडची गाडी पकडून आले आहे.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा नियम अशा संस्थेला करता येतो, असा निर्णय २००५ साली झाला. संघटना स्थापन करण्याच्या घटनादत्त स्वातंत्र्याचा आधार त्याला होता. म्हणजे कॉलनीच्या फाटकावर समाजाचे नाव लिहिण्याची मुभा आहे. लहान समाजाला आपली भाषा, सण आणि चर्च टिकवण्यासाठी एकत्र राहावेसे वाटते, यात गैर काही नाही. कुडीतल्या खलाशाला तरी दुसरे काय हवे होते? परंतु कायद्याने जे करता येते ते सर्व ख्रिस्ती माणसाने केलेच पाहिजे असे नाही. गरिबाने एकमेकांना धरून राहणे आणि सुस्थितीतल्याने दार लावून घेणे, या दोन्ही गोष्टींना आपण ‘आपला समाज’ हा एकच शब्द वापरतो. इतिहास मात्र त्या दोन गोष्टी वेगळ्या वाचतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट वेगळे होतात ती कथा सर्वांना ठाऊक आहे. निवड लोटावर सोपवली गेली. त्याने नजर टाकली, यार्देनेचे हिरवेगार खोरे पाहिले आणि सदोमाच्या बाजूला तंबू ठोकले. त्याने पाणी पाहिले, कुरण पाहिले. तेथे आलेल्या परक्याशी लोक कसे वागतात एवढे मात्र त्याने पाहिले नाही. त्याची झळ त्याला पुढे लागली, तीही त्याच्या दारात पाहुणे आले त्या रात्री.

म्हणून ‘फादर, कुठली वस्ती चांगली?’ या प्रश्नाला मागील दीडशे वर्षांच्या आधारे आम्ही असे उत्तर देऊ. चर्च, शाळा आणि स्टेशन पाहावे. वाडवडिलांचे ते शहाणपण अजून जुने झालेले नाही. पाणी कुठून येते आणि पावसाळ्यात कुठे साचते, हे जुन्या रहिवाशाला विचारावे. प्लेगने शिकवलेला धडा माहितीपत्रकात छापलेला नसतो. भाव कमी म्हणून फार दूरचे घर घ्यायचे असेल तर वाचलेला पैसा रोज लोकलमध्ये तासांच्या हिशेबाने चुकवावा लागेल आणि तो मुलांच्या वाट्याच्या वेळातून जाईल, हे ध्यानी घ्यावे. ओळखीचे एखादे घर जवळ असावे. पहिल्या वर्षी त्याचीच गरज सर्वांत जास्त लागते. गृहसंस्थेच्या सभेत हिशेब उघडपणे मांडले जातात की नाही, हेही विचारावे, कारण सहकार त्यावरच तगला.

आणि एक प्रश्न आणखी विचारावा, जो आपल्या मागील पिढ्यांनी क्वचितच विचारला. या इमारतीत कुणाला घर मिळत नाही? विधवेला, एकट्या मुलीला, नगर वा संभाजीनगरकडून आलेल्या दलित ख्रिस्ती कुटुंबाला, मुसलमानाला, कुणाला तेथे ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हटले जाते? ज्या वस्तीत या प्रश्नाचे उत्तर ‘कुणालाच नाही’ असे येईल, ती वस्ती थोडी महाग पडली तरी घ्यावी. कारण आज ज्याच्यासाठी दार लागले त्याच्या जागी उद्या आपले मूल दुसऱ्या एखाद्या शहरात उभे असेल.

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधून झाले की त्यात राहावे लागते, आणि ते चार भिंतींच्या आत जितके असते तितकेच भिंतीच्या पलीकडेही असते. कुडी आज मोजक्याच उरल्या आहेत. त्यांतल्या पेट्याही उचलल्या गेल्या. तरी अनोळखी शहरात उतरलेल्या पोराला त्यांनी पहिल्या रात्री विचारले ते ‘जेवलास का?’ एवढेच. हा प्रश्न गावाच्या आणि ज्ञातीच्या उंबरठ्याबाहेर नेणे, एवढे एकच काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.